रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळं माहीत असून तोंड उघडत नाही, १२ दिवसांनी परत प्रेझेंटेशन आहे, प्लीज मदत करा

टेरीटॉवेल_सोलापूर (मंगळवार, रात्री १०:४०)

नमस्कार सगळ्यांना. इथलं बरेच दिवस वाचतीये पण लिहायची पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे, सहा वर्षं झाली. काम मला येतं, हे मी खात्रीनं सांगू शकते. कुठल्या लूमवर पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या उभ्या फासांच्या धाग्याचा, ताण बिघडलाय हे मला टॉवेल हातात घेतला की कळतं. पण मागच्या महिन्यात मंथली रिव्ह्यू झाला, मुंबई ऑफिसचे साहेब आले होते, आमचे जीएम, प्रोडक्शन, प्रोसेस हाऊस, मार्केटिंग असे मिळून अकरा जण. माझ्या ३४ स्लाइड होत्या. मी पडद्याकडे तोंड करून वाचायला लागले ते वाचतच राहिले, आवाज थरथरतोय हे मलाच ऐकू येत होतं, मागं वळून बघितलं तर तिघं मोबाइलमध्ये आणि एक जण डोळे मिटून. आणि मग साहेबांनी विचारलं की या महिन्यात अब्सॉर्बन्सीमुळे, म्हणजे टॉवेल पाणी नीट शोषत नाही म्हणून, रिजेक्शन का वाढलं.

याचं उत्तर मला पाठ होतं हो. मीच शोधलं होतं. टॉवेल हाताला अजून मऊ लागावा म्हणून फिनिशिंगला सिलिकॉन सॉफ्टनरचा डोस वाढवला होता, टॉवेल मऊ झाला पण पाणी पिईना. दोन आठवडे रोज ड्रॉप टेस्ट (पाण्याचा थेंब मुरायला किती वेळ लागतो ते) घेऊन मी त्याची शीट केली होती. आणि माझ्या तोंडातून काय निघालं तर "चेक करून सांगते सर". मग प्रोडक्शनच्या सरांनी तेच उत्तर दिलं, माझीच शीट समोर धरून. त्या रात्री मी जेवले नाही.

आता १२ दिवसांनी पुढचा रिव्ह्यू आहे आणि यावेळी बायरची दोन माणसं पण बसणार आहेत म्हणजे इंग्लिशमध्ये बोलावं लागणार. वेळ दिलीय दुपारी अडीच, जेवण झाल्या झाल्या, २० मिनिटं. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी मिडियम, इंग्लिश मेल मी रोज लिहिते पण बोलायचं म्हटलं की आधी मनात मराठीत येतं आणि मग सगळंच अडकतं.

घाबरायचं कसं थांबवायचं आणि लोकांनी मोबाइल खाली ठेवून ऐकावं म्हणून काय करायचं, दोन्ही सांगा. यूट्यूबवरचे व्हिडिओ खूप बघितले, तिथे सगळे आधीपासूनच छान बोलणारे असतात.

---

बँकेतला_माणूस (मंगळवार, रात्री ११:२५)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला वाटतं तुमची अडचण घाबरण्याची थोडी आणि मांडणीची जास्त आहे, म्हणून मांडणीपासून सुरू करतो.

२० मिनिटांत ३४ स्लाइड म्हणजे एका स्लाइडला जेमतेम ३५ सेकंद. यात कुणीही वाचतच सुटणार, दुसरा इलाजच नाही. गाय कावासाकी नावाच्या गृहस्थांचा १०-२०-३० असा एक नियम आहे, १० स्लाइड, २० मिनिटं, आणि अक्षर ३० पॉइंटपेक्षा लहान नाही. तो त्यांनी गुंतवणूकदारांपुढे उभं राहणाऱ्यांसाठी सांगितला होता पण तुमच्या २० मिनिटांना चपखल बसतो. बाकीच्या २४ स्लाइड फेकू नका, फाइलच्या शेवटी ठेवा, कुणी विचारलं तर उघडायच्या.

आता क्रम. मी क्रेडिटला होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. कर्जाचं प्रपोजल कमिटीपुढे मांडताना मी आधी धंद्याचा इतिहास, मग मालकाची माहिती, मग तीन वर्षांचा ताळेबंद, मग रेशो असं शिस्तीत जायचो, आणि एकदा पाचव्या मिनिटाला समोरून आलं, "ते सगळं कागदावर आहे, द्यायचं का नाही एवढं सांगा." त्या दिवशी फार लागलं मनाला. पण त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर मी पहिल्या वाक्यातच सांगायला लागलो की द्यावं असं माझं मत आहे, एवढी रक्कम, या अटीवर, आणि त्याची तीन कारणं आता सांगतो. तिथून पुढं लोक कारणं ऐकायला लागले, कारण त्यांना कळलेलं असायचं की ही कारणं कशासाठी ऐकायची.

तुमचं पहिलं वाक्य असं काहीतरी होईल: "या महिन्यात जे टॉवेल नाकारले गेले त्यात सगळ्यात मोठं कारण म्हणजे ते पाणी शोषत नव्हते, हे सॉफ्टनरच्या डोसमुळे झालंय, आणि आज मला डोसची कमाल मर्यादा ठरवून हवी आहे." झालं. कुणाला झोप लागली तरी मुद्दा पोचलेला असेल.

पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य एवढंच तोंडपाठ करा, शब्द न् शब्द. मधलं पाठ करू नका. पाठ केलेलं एका शब्दाला अडकलं की पुढचं सगळं जातं, शाळेत कविता म्हणताना व्हायचं तसं.

---

निवृत्त_मास्तर_पंढरपूर (बुधवार, सकाळी ६:१०)

बाळ, वरच्या गृहस्थांनी जे सांगितलं ते आपल्याकडे कीर्तनकार शेकडो वर्षं करत आलेत.

वारकरी कीर्तनात बुवा एक अभंग घेऊन उभा राहतो. एकच. तो आधी म्हणून दाखवतो म्हणजे आज कशावर बोलणार हे सगळ्या मंडपाला कळतं. मग दोन तास त्याच अभंगाचं एकेक चरण सोडवतो, दृष्टांत देतो, आणि फिरून फिरून धृपदावर येतो. उशिरा येऊन मागं बसलेल्या म्हातारीलाही पाच मिनिटांत कळतं की काय चाललंय. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विषय मांडतात आणि उत्तररंगात तोच विषय एका आख्यानातून डोळ्यापुढं उभा करतात. म्हणजे सिद्धांत एक आणि गोष्ट एक. तुझ्या २० मिनिटांना याहून जास्त लागत नाही. तुझं धृपद काय ते ठरव, "टॉवेल मऊही हवा आणि त्यानं पाणीही प्यायला हवं" असं काही, आणि दर दोन-तीन स्लाइडनंतर त्यावर परत ये.

दुसरं म्हणजे थांबणं. बुवा मध्येच बोलणं थांबवून विठ्ठल विठ्ठल भजन घेतो, टाळ-मृदंग वाजतात, लोकांनाही श्वास मिळतो आणि बुवालाही. तुला तिथे भजन नाही घेता येणार पण महत्त्वाचा आकडा सांगितला की मनात एक-दोन-तीन मोजून गप्प राहता येईल. बोलणाऱ्याला तीन सेकंद फार मोठे वाटतात, ऐकणाऱ्याला मात्र तो आकडा मनात मुरवायला तेवढे लागतातच. ३१ वर्षं वर्गावर उभा राहिलो, पोरं गप्प करायला ओरडण्यापेक्षा माझं गप्प होणं जास्त उपयोगी पडलं.

आणि पडद्याकडे बघून बोलायचं नाही. फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्या मास्तरला पोरं कधीच ऐकत नाहीत. एका माणसाकडे बघून एक वाक्य पुरं कर, मग दुसऱ्याकडे वळ.

---

डाईंगमास्टर (बुधवार, सकाळी ९:०२)

अहो मॅडम स्लाइड कशाला, टॉवेलच घेऊन जा की.

प्रोसेसमध्ये लई वर्षं काढलीत म्हणून सांगतो. दोन तुकडे घ्या, एक जुन्या डोसचा आणि एक वाढीव डोसचा, रंग तोच जीएसएम (कापडाचं वजन) तोच. टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि ड्रॉपरनं दोन्हीवर एकेक थेंब सोडा. जुन्यावर थेंब पडला की गेलाच, दिसतच नाही कुठं गेला. वाढीव डोसवाल्यावर तो मण्यासारखा उभा राहतो, ट्यूबलाइट दिसते त्याच्यात. हे एकदा डोळ्यानं बघितलं की एएटीसीसी ७९ (थेंब शोषण्याची ठरलेली टेस्ट) काय आणि सेकंद काय समजावत बसायला लागत नाही. जेवण झालेला माणूस पण उठून वाकून बघतोय का नाही बघा.

पण तीनचार दिवस आधी टेबलावर करून बघा, त्याच ड्रॉपरनं, त्याच उंचीवरून, त्याच तुकड्यावर. तिथं ऐनवेळी दोन्ही थेंब मुरले तर अवघड होईल. आणि दोनतीन धुण्यानंतर काय होतं हे बायर विचारणारच, धुतलेला तिसरा तुकडा पिशवीत ठेवा.

---

व्यक्तिमत्त्व_विकास (बुधवार, दुपारी १:१५)

सगळे कंटेंटवरच बोलतायत. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की समोरच्यावर ५५ टक्के परिणाम देहबोलीचा, ३८ टक्के आवाजाचा आणि फक्त ७ टक्के शब्दांचा होतो. त्यामुळे मॅडम तुम्ही शब्दांची काळजी सोडा, उभं राहायची पद्धत, हातवारे, ड्रेसिंग याच्यावर मेहनत घ्या, इंग्लिशचं टेन्शन आपोआप जाईल.

---

डॉक्टरकाकू (बुधवार, रात्री ९:५०)

या ५५-३८-७ चं मला बोलावंसं वाटतंय कारण हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात आणि त्यामुळे तयारी करणारी माणसं चुकीच्या गोष्टीवर मेहनत घेतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या प्रयोगांतले. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही आवडत. शब्द आणि सूर एकमेकांच्या विरुद्ध असले की लोक सुरावर विश्वास ठेवतात, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या भावना आणि आवडीनिवडींपलीकडच्या बोलण्याला हे लावू नका असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. टॉवेल पाणी का शोषत नाही हे हातवाऱ्यांनी कळत नसतं, शब्दच लागतात. देहबोलीला महत्त्व नाही असं मी म्हणत नाहीये, ताठ उभं राहणं, चेहरा लोकांकडे असणं याचा फायदा होतोच.

आता घाबरण्याबद्दल. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात गार होतात, हे ॲड्रिनलिनचं काम आहे, शरीर तयार होतंय एवढंच. मुली, तू ते थांबवायच्या मागे लागू नकोस. "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावून धडधड कमी होत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले, भाषणाआधी काही जणांना "मी शांत आहे" म्हणायला सांगितलं आणि काही जणांना "मला उत्साह वाटतोय" असं म्हणायला. उत्साहवाल्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटणारी आणि जास्त आत्मविश्वासाची वाटली. धडधड तीच असते, तिला नाव वेगळं द्यायचं.

आणि आवाज थरथरतोय हे तुला ऐकू येत होतं असं तू लिहिलंस, तर ते बाकीच्यांना तेवढं ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांचा २००३ चा अभ्यास आहे, बोलणाऱ्याला आपण जितके घाबरलेले दिसतोय असं वाटतं तितका तो समोरच्यांना दिसत नाही. यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे ज्यांना ही गोष्ट आधी सांगून ठेवली त्यांची भाषणंच जास्त चांगली झाली. म्हणून तुला आधी सांगून ठेवतीये.

उभं राहायच्या आधी श्वास सोडताना लांब सोड, घेतलास त्याच्या दुप्पट वेळ, चारपाच वेळा. कोमट पाण्याचे दोन घोट. जेवण अर्धं. आणि कुणीतरी "भीती जायची गोळी" म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुचवेल, माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी विचारायला येतं. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायची नाही, दमा असेल तर धोक्याची आहे, आणि नाडी मंद असणाऱ्यांनाही.

---

व्यक्तिमत्त्व_विकास (बुधवार, रात्री १०:३०)

धन्यवाद काकू, हे माहीत नव्हतं. आमच्या ट्रेनरनी तर हे पाय चार्ट काढून दाखवलं होतं. माझ्या पोस्टमधला शब्दांची काळजी सोडा हा भाग मी मागे घेतो.

---

लॅपटॉप_आणि_वायर (गुरुवार, दुपारी ४:२०)

मी कंपन्यांमध्ये कॉन्फरन्स रूमचं सेटअप करतो, अर्ध्या लोकांचा कॉन्फिडन्स वायर लागत नाही तिथेच जातो हे रोज बघतोय त्यामुळे हे लिहितोय.

आदल्या दिवशी त्याच खोलीत त्याच प्रोजेक्टरला तुमचा लॅपटॉप लावून बघा, आजकाल लॅपटॉपला टाइप सी आणि प्रोजेक्टरला जुनं व्हीजीए असं असतं आणि मधला कन्व्हर्टर नेमका कुणाच्या तरी घरी. विंडोज आणि पी एकदम दाबलं की पडद्याचे पर्याय येतात, एक्स्टेंड घेतलं तर लोकांना स्लाइड दिसते आणि तुम्हाला तुमच्या नोट्स आणि पुढची स्लाइड, याला प्रेझेंटर व्ह्यू म्हणतात. तुम्ही पडद्याकडे वळत होता ना, तो प्रश्न याच्याने बराच सुटेल कारण बघायला लॅपटॉप समोरच आहे.

स्लाइड शो चालू असताना बी दाबा, पडदा काळा होतो, परत बी दाबला की येतो. थेंब दाखवताना हेच करा, पडदा चालू असला की लोक पडद्याकडेच बघतात. कुणी विचारलं की ते शेवटी ठेवलेलं टेबल दाखवा, तर २२ आणि एन्टर दाबा, थेट २२ नंबरच्या स्लाइडवर जातं, सगळ्यांसमोर स्क्रोल करत बसायचं नाही. नंबरांची चिठ्ठी जवळ ठेवा. शिफ्ट एफ५ ने शो चालू स्लाइडपासून सुरू होतो. व्हॉट्सॲप वेब बंद करा, बायरसमोर "भाजी काय आणू" असा मेसेज वर आलेला मी बघितलाय.

मराठी मजकूर असेल तर युनिकोडमध्ये ठेवा, जुन्या श्रीलिपीत केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की सगळी गिचमिड होते. पीडीएफ पेनड्राइव्हवर, आणि मुख्य स्लाइडची एका कागदावर प्रिंट, लाइट गेली तरी तुमचं बोलणं थांबणार नाही.

अजून एक, ग्राफच्या वर "अब्सॉर्बन्सी ट्रेंड" असं लिहू नका, ग्राफ काय सांगतोय ते वाक्यच लिहा, "डोस वाढला तसा शोषायला वेळ लागला". आणि सगळे खांब करडे, ज्याच्यावर बोलायचंय तो एकच रंगीत.

---

पूर्वभागातली (गुरुवार, रात्री ११:१५)

अगं तुझं वाचून मला माझंच वाटलं. माझं पण घर सोलापूरच्या पूर्व भागात, आजोबांचा हातमाग होता, घरी तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानदाराशी कन्नड, आणि ऑफिसला गेल्यावर इंग्लिश. सोलापुरातल्या पोरीला तीनचार भाषा येतात आणि तरी ती म्हणते मला भाषा येत नाही, हे मला खरंच खूप खटकतं.

मी काय केलं ते सांगते. आधी सगळं तेलुगूत बोलून बघितलं, घरच्यांना. जी गोष्ट आईला समजावून सांगता येते ती आपल्याला नीट कळलेली असते. मग तेच इंग्लिशमध्ये, पण मेलमधलं इंग्लिश नाही. मेलमध्ये आपण लांबलचक लिहितो आणि तेच बोलायला गेलं की दम लागतो. एका वाक्यात एकच क्रियापद, दहाबारा शब्दांच्या वर वाक्य गेलं की तोडायचं. बायरला तुझं व्याकरण तपासायचं नाहीये, त्याला माल वेळेवर आणि बरोबर पाहिजे.

आकडे मात्र इंग्लिशमध्ये मोठ्यानं म्हणून बघ, रोज. माझी सगळी अडचण आकड्यांत होती, डोक्यात साडेतेरा असायचं आणि तोंडातून भलतंच यायचं. आणि आवाज! लूमच्या खडखडाटात आपण दिवसभर ओरडून बोलतो आणि एसीच्या खोलीत गेलो की भीतीनं एकदम पुटपुटायला लागतो. मी कॉलेजला असताना हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिकेत होते, तिथे सर सांगायचे की शेवटच्या रांगेतल्या माणसाला गोष्ट सांग. टेबलाच्या पार टोकाला जो बसलाय त्याच्यासाठी बोलायचं, म्हणजे आवाज आपोआप बरोबर निघतो.

सरावाला चारपाच मैत्रिणी जमवा. टोस्टमास्टर्स म्हणून संस्था आहे, १९२४ पासून चालते, अमेरिकेत सुरू झाली, त्यांच्या मीटिंगमध्ये एक माणूस फक्त बोलणारा किती वेळा अं, आं करतो ते मोजायला असतो. आम्ही घरी तेच केलं. माझं "बेसिकली" पहिल्या दिवशी सात मिनिटांत १९ वेळा आलं, तिसऱ्या रविवारी चार.

---

टेरीटॉवेल_सोलापूर (शुक्रवार, रात्री १०:०५)

सगळ्यांची उत्तरं दोनदोनदा वाचली, वहीत उतरवून घेतली. डोळे भरून आले खरं सांगते.

एक शंका आहे. थेंबाचं फार आवडलं पण बायरची माणसं समोर असताना आपल्याच मालातला दोष असा उघड दाखवायचा का? जीएम रागावले तर?

---

बँकेतला_माणूस (शुक्रवार, रात्री १०:५०)

हा प्रश्न तुम्ही विचारला हे फार बरं केलं ताई. बरोबरच, आधी विचारल्याशिवाय करायचं नाही. तीन दिवस आधी जीएमकडे पाच मिनिटं मागा आणि त्यांच्या टेबलावर तो थेंब टाकून दाखवा. सोबत हेही सांगा की दोषाबरोबर मी उपाय पण दाखवणार आहे. मीटिंगमधला बॉसला आवडत नसलेला सगळ्यात मोठा प्रकार म्हणजे त्यांना सगळ्यांसमोर पहिल्यांदा काहीतरी कळणं. प्रोसेस हाऊसवाल्यांनाही आधी सांगा नाहीतर ते तिथे बचावाला उभे राहतील आणि तुमची २० मिनिटं भांडणात जातील. जीएम नाही म्हणाले तर बायर गेल्यावर आतल्या लोकांना दाखवा. पण मला वाटतं हो म्हणतील, बायरला रिजेक्शन झालेलं माहीतच आहे, त्याला आता बघायचंय की यांना कारण सापडलंय का.

आणि जमलं तर अडीचच्या ऐवजी सकाळची वेळ मागून बघा, विचारायला काय जातंय.

---

टेरीटॉवेल_सोलापूर (दोन आठवड्यांनी, सोमवार, रात्री ९:३०)

रिव्ह्यू शनिवारी झाला. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

आधी घरचं. पूर्व भागातली ताई म्हणाली तसं पहिल्यांदा अम्माला तेलुगूत सांगितलं. अम्मा विड्या वळते, मांडीवर सूप, त्यात पानं आणि जर्दा, हात चालूच असतात, टीव्ही बघताना पण खाली न बघता वळते. मी स्लाइडवरचं बोलत होते तेव्हा ती हं हं म्हणत वळत होती. मग फरशीवर दोन तुकडे ठेवून थेंब टाकला आणि अम्माचा हात थांबला. सूप बाजूला ठेवून ती वाकली, वाढीव डोसवाल्या तुकड्यावरच्या थेंबाला बोट लावलं आणि विचारलं, हे अंग कसं पुसणार? मी ते वाक्य तिथल्या तिथे वहीत लिहिलं, तेच माझं धृपद झालं मास्तर.

जीएमना बुधवारी दाखवलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले कर, पण उपायाची स्लाइड त्याच्या लगेच पुढे घे. वेळ बदलून नाही मिळाली, अडीचच राहिली.

३४ च्या ९ स्लाइड केल्या. सुरुवातीला आवाज थरथरलाच, पहिली दोन वाक्यं पाठ होती म्हणून निघाली, नाहीतर अडकले असते. काकू, तुमचं आठवलं की हे त्यांना एवढं ऐकू जात नाहीये, आणि खरंच तिसऱ्या चौथ्या वाक्याला बरं वाटायला लागलं. टेबलाच्या टोकाला मार्केटिंगचे सर होते, त्यांच्याकडे बघून बोलत होते. मग बी दाबला, पडदा काळा केला, ड्रॉपर काढला. बायरच्या दोघांतल्या मॅडम खुर्चीतून उठून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून ड्रॉपर घेऊन स्वतः परत थेंब टाकला. मोबाइल कुणाच्याच हातात नव्हता. मी काहीच बोलले नाही तेवढ्यात, तीन मोजायचे होते ते बहुतेक दहा मोजले. मग अम्माचं वाक्य इंग्लिशमध्ये म्हटलं.

साहेबांनी सॉफ्टनर बदलून खर्च किती वाढेल असं विचारलं. ते मला खरंच माहीत नव्हतं. मागच्या वेळी माहीत असून चेक करून सांगते म्हटलं होतं, यावेळी म्हटलं की आकडा आत्ता माझ्याकडे नाही, संध्याकाळी सहापर्यंत परचेसकडून घेऊन मेल करते. पाच चाळीसला पाठवला. डोसची मर्यादा ठरली, ट्रायल लॉट या आठवड्यात घेणार आहेत.

मधे एकदा इंग्लिश शब्द सापडला नाही तेव्हा मराठीत बोलून गेले, जीएमनी तो शब्द सांगितला, पुढे गेले. ९ पैकी शेवटच्या दोन स्लाइड घाईत झाल्या, २३ मिनिटं लागली. पुढच्या वेळी ७ च करणार.

---

डाईंगमास्टर (सोमवार, रात्री ९:५५)

लई भारी मॅडम. धुतलेल्या तुकड्याचं विचारलं का त्यांनी?

---

टेरीटॉवेल_सोलापूर (सोमवार, रात्री १०:०२)

विचारलं ना, पहिला प्रश्न तोच होता. पिशवीत तयार होता, पाच धुण्यांचा. काढून टेबलावर ठेवला आणि ड्रॉपर मॅडमकडेच होता, म्हटलं तुम्हीच टाका.